दोन बोटं आत

प्रिय इरा, प्रिय निहार,

तुम्ही दोघं पंधरा दिवस एकमेकांशी बोलला नाहीत, हे तुमच्या आईनं मला फोनवर सांगितलं. कारणही सांगितलं. ते सांगताना ती हसली. मी हसले नाही. फोन ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. मार्च लागला आहे, आपल्या घरामागे मोहाचं एकच झाड उरलं आहे, आणि पहाटे पडलेल्या फुलांचा गोड, थोडा आंबूस वास खोलीत येतो आहे. हा वास आला की मला आजही परीक्षेला जायचं असतं. म्हणून हे आत्ताच लिहायला घेतलं. पुढे ढकललं तर फुलं संपतील आणि मी पुन्हा गप्प बसेन. तशी मी बरीच वर्षं गप्प आहे.

तुमचं भांडण मला जेवढं कळलं तेवढं आधी लिहिते; चूक असेल तर दुरुस्त करा. इरा, तू संगणकासाठी एक मोठं काम लिहिलं होतंस. प्रत्येक ओळ कुठे सुरू व्हावी, कोणती कोणाच्या खाली यावी, हे तू हातानं बसवलं होतंस. निहारनं त्यावर एक यंत्र फिरवलं. ते यंत्र सगळ्यांचं लिखाण एकाच साच्यात घालतं, ठरावीक रुंदीच्या पलीकडे ओळ जाऊ देत नाही. तुझी सगळी मांडणी एका क्षणात गेली. तू चिडलीस, तेव्हा निहार म्हणाला, "पण अर्थ तर तोच राहतो ना!"

निहार, तू वाईट मुलगा नाहीस. पण हे वाक्य मी या आधी एकदा ऐकलं आहे, अगदी याच शब्दांत.

मागच्या दिवाळीत तूच मला समजावलं होतंस, आठवतं? तुम्ही ज्या भाषेत लिहिता तिच्यात महिरपी कंस लावायची गरज नसते. ओळ किती आत उभी आहे, यावरून ती कोणाची ते ठरतं. वर मुख्य गोष्ट सांगायची, मग खाली 'जिथे' असं म्हणायचं, आणि थोडं आत सरकून सांगायचं की वरच्यातलं हे म्हणजे काय आणि ते म्हणजे काय. तुला वाटलं आजीला कंटाळा येतोय. मी डोळे मिटून बसले होते, कारण मला समोर चांद्याकडचा तलाव दिसत होता, त्याच्या खाली पायऱ्यांसारख्या उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, दिसत होत्या, आणि तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, बसून पायानं माती उकरणारी चंद्री.

चांदा म्हणजे हल्लीचं चंद्रपूर. तेव्हा गडचिरोलीही त्याच जिल्ह्यात होतं. माझे वडील जंगल खात्यात कारकून होते, आणि त्यांची बदली चामोर्शीच्या बाजूला झालेली होती. चंद्रभागा, म्हणजे चंद्री, माझ्या वर्गात. तिचे आईवडील ढिवर, तलावावर आणि नदीवर मासे धरणारे. मॅट्रिकच्या वर्गात आम्ही दोघीच मुली. बाकी सगळी मुलं, आणि ती आमच्याकडे बघत नसल्याचं नाटक फार वाईट करायची.

त्या वर्षीचा फाल्गुन मला वासांनी आठवतो. मोह तर होताच. पळस पेटलेला, पण पळसाला वास नसतो, हे मला तेव्हा फसवणुकीसारखं वाटायचं. इतकं लाल आणि आत काही नाही. चंद्रीच्या अंगणात वाळत घातलेल्या जाळ्यांचा ओला वास, चटईवर पसरलेल्या बारीक मासळीचा उग्र वास. माझ्या आईला तो सोसायचा नाही. मी घरी आले की ती म्हणायची, "आधी हातपाय धू, मग पुस्तकाला हात लाव." मी धुवायची. वहीला तरी तो वास लागलेलाच असायचा.

इंग्रजीच्या पेपरात एक प्रश्न यायचा. लांबलचक वाक्य द्यायचे आणि त्यातली वाक्यं वेगळी करायला सांगायचे: मुख्य वाक्य कोणतं, गौण कोणती, कोणतं गौण कोणावर अवलंबून. मला जमायचं, घरी इंग्रजी बोलणारे वडील होते. चंद्रीला जमत नव्हतं. "मले सांग लीले," ती म्हणायची, "हे इंग्रज सरळ काऊन बोलत नाई? एका गोष्टीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी. यायची माय यायले जेवू घालत होती का गोष्टीच खाऊ घालत होती?"

आम्ही तलावाच्या पारीवर बसलो होतो. मी तिसऱ्यांदा तेच समजावत होते. ती ऐकतच नव्हती, खाली बांध्यांकडे बघत होती. धान कधीच कापून झालं होतं, फक्त बांध्यांमधले धुरे उभे होते. एकदम म्हणाली, "लीले, थे पाह्य. तलावातलं पाणी आधी कोणत्या बांधीत जाते?"

"वरच्या."

"मंग?"

"तिच्या खालच्या."

"खालच्या बांधीले तलाव माहीत हाये का? नाई. तिले फक्त तिच्या वरची माहीत. ज्या बांधीच्या तोंडातून पाणी आलं, तिचीच थे लेक. वरची घेते, खालचीले देते, बाजूचीच्या भानगडीत पडत नाई." तिनं माझ्या हातातली वही ओढली. "हे तुझे वाक्य बी तसेच लिव ना वं. मालक समासाले चिकटून. त्याचं लेकरू दोन बोटं आत. लेकराचं लेकरू अजून दोन बोटं आत. कोन कोनाचं, सांगाच लागत नाई. दिसते."

मी लिहून पाहिलं. ते वाक्य इंग्रजीत होतं, मराठीत असं होईल: ज्यानं डोंगा बांधला तो माणूस परत आला तर मीही नदी ओलांडीन, असं म्हाताऱ्यानं सांगितलं. वहीत ते असं उतरलं:

म्हाताऱ्यानं सांगितलं
    की मीही नदी ओलांडीन
        जर तो माणूस परत आला
            ज्यानं डोंगा बांधला

आम्ही दोघी त्याकडे बघत राहिलो. खालची ओळ वरचीचा हात धरून उतरत होती. मी पुढे चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण व्याकरण इतकं उघडं पडलेलं पुन्हा कधी पाहिलं नाही.

एक अडचण मात्र लगेच आली. दोन बोटं कोणाची? चंद्रीची बोटं जाळं ओढून जाड झालेली, माझी काडीसारखी. एक पान ती लिही, एक मी. वाक्य पानावरून पुढे गेलं की तिचं लेकरू माझ्या लेकराच्या रांगेत बसेना. निहार, तू सांगितलं होतंस की एकच कळ दाबली तरी ओळ कोणाच्या पडद्यावर चार घरं सरकते, कोणाच्या आठ, आणि मग तुमची भाषा अडून बसते. आम्हीही अडलो. चंद्रीनं घरून बांबूची एक पट्टी आणली. जाळं विणताना सगळी घरं सारखी पडावीत म्हणून तिची माय ती पट्टी मधे धरून गाठ मारायची. "आता ना तुझी बोटं ना माझी," चंद्री म्हणाली, "आता मायची." तरी आम्ही त्याला 'दोन बोटं'च म्हणत राहिलो.

एकदा जागा बोलायला लागल्यावर आम्ही नावं लिहिणं सोडून दिलं. हे मुख्य, हे गौण, हे अमक्यावर अवलंबून, असलं काही वहीत उरलं नाही. फक्त ओळी, आणि त्या कुठे उभ्या आहेत ते. मला त्याचा फार अभिमान होता. मी वहीला नवं वेष्टन घातलं आणि वर सुरेख अक्षरात नाव घातलं. एकच नाव. माझं. वेष्टनावरचं अक्षर माझं होतं, वही माझी होती. त्या वेळी दुसरं काही सुचलंही नाही. हे मी इथे लिहिते, कारण यापुढे मी दुसऱ्या कोणाबद्दल लिहिणार आहे आणि आधी हे लिहिलेलं बरं.

आमच्या इंग्रजीच्या मास्तरांचं नाव मी लिहीत नाही. मी त्यांना मानत होते. ते वर्गात इंग्रजी वाक्य वाचताना शेवटच्या शब्दाआधी क्षणभर थांबायचे, जणू वाक्य पूर्ण होईल की नाही याची त्यांनाही काळजी आहे. त्यांनी मला स्वतःचा शब्दकोश महिनाभर घरी ठेवू दिला होता. शाळेतल्या एकाही मुलाला त्यांनी तो दिला नव्हता. अशा माणसानं वही मागितली की देताना विचार करत नाहीत.

"दोन दिवसांसाठी दे, बेटा," ते म्हणाले. "सगळ्यांसाठी प्रती काढतो. फार चांगलं काम आहे."

सुट्टी लागली होती. चंद्री मोह वेचायला गावी गेली होती; त्या दिवसांत त्यांच्या घरी पहाटे सगळेच जंगलात. पुस्तक टोपलीत घालून जाते, असं ती म्हणाली होती. अवघड वाक्यं मी एकटीनं सोडवून वहीत भरली होती आणि ती तिला पोचवायची होती. दोन दिवसांचे नऊ झाले. मी मास्तरांच्या घरी गेले.

ओसरीवर जेलीचं ताट होतं. इरा, हे तुला माहीत नसेल: पत्र्याच्या पसरट ताटात जेली ओतून ठेवायची, जांभळ्या शाईनं लिहिलेला कागद त्यावर दाबायचा, शाई जेलीत उतरायची, मग कोरे कागद एकामागून एक ठेवून प्रती काढायच्या. तीसचाळीस निघायच्या, शेवटच्या अगदी फिक्या. दोरीवर प्रती वाळत होत्या. मी एक हातात घेतली. वर मास्तरांचं नाव होतं, आणि खाली असं:

म्हाताऱ्यानं सांगितलं
की मीही नदी ओलांडीन
जर तो माणूस परत आला
ज्यानं डोंगा बांधला

सगळी वाक्यं तशीच. समासाला चिकटून, एकाखाली एक. नदीच्या काठावर चार अनोळखी माणसं उभी असावीत, तशी.

"सर," मी म्हटलं, "ओळी आत होत्या."

"हो ना. शेवटच्या ओळी ताटाबाहेर जात होत्या. ताट केवढं, बघतेस ना. डावीकडे ओढून घेतल्या." ते हसले. "अर्थ तर तोच राहतो ना."

"आणि वही, सर?"

"आहे कुठेतरी. परीक्षेनंतर ने. तुला आता कशाला लागते?"

मी काय म्हणाले माहीत आहे? "हो सर." नावाबद्दल विचारलं नाही, ओळींबद्दल पुन्हा बोलले नाही. शब्दकोशाची आठवण झाली आणि जीभ वळली नाही. घरी येताना रस्ताभर मला रडू येत होतं आणि ते कशासाठी ते नेमकं कळत नव्हतं. माझं कोणीतरी काहीतरी नेलं होतं, आणि जाताना त्याची हाडं काढून कातडं मला परत दिलं होतं.

त्या बाजारच्या दिवशी चंद्रीचा काका मासळी घेऊन आला. मी तो जांभळा कागद घडी करून त्याच्याकडे दिला. "चंद्रीला द्या, काका." सोबत चिठ्ठी लिहिली नाही. मला त्या कागदाकडे परत बघायचंच नव्हतं. वाटलं, चंद्री आहे, तिला दिसेलच. पद्धत तिची होती. तिला नाही दिसणार तर कोणाला? एक ओळ पुरली असती. 'ओळी आत समज.' एवढी.

तिच्या बापानं तिला एकच संधी दिली होती. मॅट्रिक झाली तर शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जाईल. नाही झाली तर वैनगंगेच्या पलीकडचं ठरवून ठेवलेलं स्थळ. त्यानं ते रागानं सांगितलं नव्हतं. "एक बार पाहून घे बाई," एवढंच म्हणाला होता. चंद्रीला त्यात अन्याय वाटला नाही. एक बार तर एक बार.

परीक्षेचं केंद्र चांद्याला होतं. मी वडिलांबरोबर मोटारीनं आदल्या दिवशी पोचले. चंद्री तिच्या बापाबरोबर डोंग्यानं नदी ओलांडून, मग बैलगाडीनं, पेपरच्या सकाळी. फाटकात मला दिसली तेव्हा पहिली घंटा झालेली होती. पायांवर धूळ, केसांत मोहाची एक सुकी पाकळी.

"काय वं, वाचली का?" मी विचारलं.

"समदं पाठ हाये." ती खुशीत होती. "पन या साली गंमत झाली ना. समदेच मालक निघाले! लेकरू कोनीच नाई!"

मला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि त्याच क्षणी दुसरी घंटा झाली. तिची खोली डावीकडच्या व्हरांड्यात, माझी उजवीकडे. मुलं मधे घुसली. मी ओरडले, "चंद्रे! तसं नाही!" तिला ऐकू गेलं नाही. मग मी हात वर केला आणि दोन बोटं दाखवली. दोन बोटं आत, चंद्रे, दोन बोटं आत.

ती दारात वळली. मला पाहून हसली. आणि तिनंही हात वर करून दोन बोटं दाखवली.

पेपरात तो प्रश्न होता. तो नेहमीच असायचा. मी पट्टीशिवाय डोळ्यांच्या अंदाजानं ओळी आत सरकवत गेले आणि प्रत्येक ओळ सरकवताना भिंतीपलीकडे ती काय लिहीत असेल ते मला दिसत होतं. ज्या मुलांना आमची रीत कधीच कळली नव्हती, त्यांचं त्या कागदानं काही बिघडवलं नाही. त्यांनी तो नुसता चाळला आणि पुस्तकातून घोकलं. बिघडलं फक्त तिचं, जिला जागेचा अर्थ लागत होता. समासाला चिकटलेला तो मालक, हे ज्या एकीनं ठरवलं, तिनं ते शेवटपर्यंत पाळलं.

उन्हाळ्यात निकाल लागला. माझा नंबर वर्तमानपत्रात होता, तिचा नव्हता. इंग्रजीत गेली. मास्तर पेढे घ्यायला आमच्या घरी आले. वडिलांना म्हणाले, "माझ्या टिपणांवरच तयार झाली हो तुमची मुलगी." वडिलांनी हात जोडले. मी पेढ्याचं ताट धरून उभी होते. वही तेव्हाही मिळाली नाही. पुढे कोणाला तरी वाचायला दिली, म्हणाले. मी शब्दकोश त्यांना आधीच परत केला होता, कागदाचं वेष्टन घालून.

चार दिवसांनी चंद्री आली. आत आली नाही, ओट्यावर बसली. मी पाणी दिलं ते प्याली.

"तुले माहीत होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"मंग सांगतली काऊन नाई?"

ती माझ्याकडे न बघता बोलत राहिली. "जुने बी सपाट, नवे बी सपाट. म्हणलं, आपलंच चुकलं असंल. मास्तरचं नाव होतं वरतं. अन् पाठवलं तूनं." रिकामा पेला ओट्यावर ठेवला. "मास्तरनं पाठवलं असतं ना लीले, तं मी नसती मानली."

हे वाक्य मी आयुष्यभर वागवलं आहे. माझा विश्वास मास्तरांनी मोडला, हे खरं. पण तिचा मोडताना मास्तरांना हात लावावा लागला नाही. ते काम माझ्या हातून झालं.

मग तिनं पदराआडून तो कागद काढला. तिनं त्याच्या ओळी कात्रीनं एकेक कापल्या होत्या, प्रत्येक ओळीची पट्टी जाड खाकी कागदावर ठेवली होती आणि जाळं विणायच्या दोऱ्यानं टाके घालून शिवली होती. मालक समासाला. लेकरू आत. लेकराचं लेकरू त्याच्याही आत. मायची पट्टी लावून. एक ओळ चुकली नव्हती. सगळ्यांत वरची पट्टी, मास्तरांच्या नावाची, तिनं वगळली होती. तिथे दुसरं कोणाचंही नाव लिहिलं नव्हतं.

"असंच होतं ना तुझ्या वहीत?" ती म्हणाली.

"तुझ्या," मी म्हटलं.

तिनं कागद माझ्या हातात ठेवला आणि ओट्यावरून उतरली. "ठेव. मले आता कायले लागते." त्याच महिन्यात तिचं लग्न झालं, नदीपलीकडे. निरोप आला नाही. आमची बदली झाली. नंतर मी दोन वेळा त्या गावी जाऊन विचारलं. एकदा म्हणाले, पार सिरोंच्याकडे गेली. एकदा म्हणाले, कोणती चंद्रभागा?

निहार, तुझं यंत्र त्या ताटापेक्षा शहाणं आहे. ते अर्थ खरंच तोच ठेवतं, हे मी मान्य करते. पण यंत्रासाठी तोच आणि माणसासाठी तोच, या दोन गोष्टी आहेत. फिरवण्याआधी बहिणीला विचारायला तुला किती वेळ लागला असता? आणि इरा, तू त्या मांडणीत जे सांगत होतीस ते कुठे शब्दांतही लिहून ठेवलं होतंस का? आम्हीही नव्हतं ठेवलं. आम्हाला वाटलं, जागाच बोलते. बोलते, पण ती ज्याला सरकवता येते त्याच्या हाती जाईपर्यंतच. आज फोन करा. मी सांगितलं म्हणून नव्हे, अजून तुम्हा दोघांचे नंबर लागतात म्हणून.

तो कागद माझ्याकडे आहे. काल पेटीतून काढून उन्हात धरला. जांभळी शाई पूर्ण उडाली आहे, एकही शब्द वाचता येत नाही. दोरा शाबूत आहे, आणि कोणती ओळ कोणाच्या किती आत उभी आहे ते स्पष्ट दिसतं.